दाखल होताना निगेटिव्ह, नवव्या दिवशी पॉझिटिव्ह: साथीच्या काळात रुग्णालयात लागणारा विषाणूसंसर्ग

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. कोविडच्या लाटेत हार्ट फेल्युअरसाठी दाखल झालेल्या ६८ वर्षांच्या एका रुग्णाची दाखल होतानाची आरटी-पीसीआर चाचणी निगेटिव्ह होती. सहा खाटांच्या साध्या कक्षात त्यांच्यावर उपचार चालू होते. नवव्या दिवशी त्यांना ताप आला आणि चाचणी पॉझिटिव्ह निघाली. हा संसर्ग रुग्णालयातच लागला असे म्हणायचे का, कोविड वॉर्ड वेगळ्या मजल्यावर असताना तो या कक्षात आला कुठून, आणि आता काय करावे, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. संसर्ग-नियंत्रणाचे काम मी बरीच वर्षे करत आहे आणि हेच प्रश्न, जवळजवळ याच क्रमाने, अनेक वॉर्डांतून माझ्यापर्यंत आले आहेत. पहिल्याचे उत्तर सोपे आहे आणि तिसऱ्याचे कष्टाचे. खरी गाठ दुसऱ्यात आहे, कारण संसर्ग जिथून येतो तिकडे आपले लक्षच नसते.

रुग्णालयातला संसर्ग ठरवताना रुग्णाच्या मुक्कामाचे दिवस आणि विषाणूचा अधिशयन काळ, म्हणजे विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, यांची सांगड घालावी लागते. करोनाच्या मूळ प्रकारात हा काळ साधारण पाच दिवसांचा होता आणि ज्यांना लक्षणे येत त्यांपैकी बहुतेक सर्वांना ती बारा दिवसांच्या आत येत. त्यावरूनच युरोपीय रोगप्रतिबंध व नियंत्रण केंद्राने पायऱ्या आखल्या. दाखल झाल्याचा दिवस पहिला धरून पहिल्या दोन दिवसांत लक्षणे आली तर संसर्ग बाहेरचा, तिसऱ्या ते सातव्या दिवसात आली तर अनिश्चित, आठव्या ते चौदाव्या दिवसात आली तर बहुधा रुग्णालयातला आणि त्यानंतर आली तर निश्चितपणे रुग्णालयातला. तुमचा रुग्ण ‘बहुधा’ या पायरीवर बसतो. ओमायक्रॉनचा अधिशयन काळ मात्र सुमारे तीन दिवसांवर आला होता. त्यामुळे लाट ओमायक्रॉनची असेल तर नवव्या दिवसाचा हा संसर्ग तुमच्याच कक्षातला आहे असे मी जवळजवळ ठामपणे म्हणेन, कोष्टकात तो ‘बहुधा’ म्हणूनच नोंदला गेला तरी.

दाखल होतानाच्या निगेटिव्ह चाचणीला या हिशेबात आपण देतो तेवढे वजन नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार, संसर्ग झाल्यानंतर चौथ्या दिवशी, म्हणजे साधारण लक्षणांच्या आदल्या दिवशी, आरटी-पीसीआर चाचणी केली तर बाधितांपैकी सुमारे ६७ टक्के लोकांमध्ये ती चुकीने निगेटिव्ह येते. लक्षणे सुरू झाल्याच्या दिवशी हे प्रमाण सुमारे ३८ टक्के असते आणि त्यानंतर तीन दिवसांनी सर्वांत कमी, तरीही सुमारे २० टक्के, असते. संसर्ग झाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत तर चाचणीला काही सापडतच नाही. म्हणजे दारात केलेली एक चाचणी त्या दिवशी स्वाबमध्ये विषाणू सापडला की नाही एवढेच सांगते. ती रुग्णाच्या पुढच्या आठवड्याची हमी देत नाही, आणि तरीही केसपेपरवर ‘निगेटिव्ह’ असा शिक्का पडला की त्या रुग्णाकडे पाहण्याची सर्वांची दृष्टी सैल होते.

या व्याख्येची आणखी एक बाजू फारशी बोलली जात नाही. मोजणी आठव्या दिवसापासून सुरू होते. पण कितीतरी रुग्ण त्याआधीच घरी जातात. चौथ्या दिवशी वॉर्डात संसर्ग लागला, पाचव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला आणि आठव्या दिवशी घरी ताप आला, तर तो रुग्ण समाजातला म्हणून मोजला जातो आणि घरातल्यांना त्याच्याकडून लागला तर तेही समाजातलेच. त्यामुळे रुग्णालयांनी प्रत्यक्ष नोंदवलेले आकडे नेहमीच खऱ्या आकड्यांपेक्षा कमी असतात. इंग्लंडमध्ये हा फरक लक्षात घेऊन जो अंदाज बांधला गेला, त्यानुसार जून २०२० ते मार्च २०२१ या काळात ९५,००० ते १,६७,००० रुग्णांना रुग्णालयातच करोनाचा संसर्ग झाला, म्हणजे दाखल झालेल्या दर शंभरांमागे एक ते दोन जणांना. त्याआधीच्या पहिल्या लाटेत ब्रिटनमधील ३१४ रुग्णालयांच्या नोंदींतून असे दिसले होते की कोविड असलेल्या दाखल रुग्णांपैकी किमान ११ टक्के लोकांना तो दाखल झाल्यानंतर लागला. आणि दीर्घकाळ देखभाल करणाऱ्या व मानसोपचाराच्या रुग्णालयांत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या वर होते. जिथे मुक्काम लांब, खोल्या सामायिक आणि रुग्ण एकमेकांत वावरणारे, तिथे विषाणूला वाट शोधावी लागत नाही.

आता तो आला कुठून. कोविड वॉर्ड वरच्या मजल्यावर आहे, तिथला कर्मचारी वर्ग वेगळा आहे, तिथे सगळे पूर्ण संरक्षक पोशाखात वावरतात, हे तुम्ही आवर्जून लिहिले आहे. माझा अनुभव असा की संसर्ग त्या मजल्यावरून क्वचितच खाली येतो. ज्याला आजार आहे हे सर्वांना ठाऊक आहे त्याच्याभोवती सगळे सावध असतात; संसर्ग लागतो ज्याच्याबद्दल कुणालाच शंका नाही अशा माणसाकडून, आणि तो माणूस शेजारच्या खाटेवर असतो, तिच्यापाशी बसलेला नातेवाईक असतो किंवा सकाळी तापमान घेऊन गेलेली परिचारिका असते. २००३ च्या सार्समध्ये, म्हणजे करोनाच्याच कुळातल्या आधीच्या एका विषाणूच्या साथीत, रुग्णाच्या शरीरातील विषाणूचे प्रमाण आजाराच्या दहाव्या दिवसाच्या आसपास शिगेला पोचत असे, त्यामुळे लक्षणे दिसल्यावर केलेले विलगीकरणही साथ आटोक्यात आणू शकले. करोनाच्या नव्या विषाणूने ही सवलत दिली नाही: लक्षणे येण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून माणूस तो पसरवू लागतो.

बोस्टनमधील एकाच मोठ्या रुग्णालयाचे दोन अनुभव शेजारी ठेवले की ही गोष्ट फार स्पष्ट होते. पहिल्या लाटेत, २०२० च्या मार्च ते मे या बारा आठवड्यांत, तिथे ९,१४९ रुग्ण दाखल झाले. त्यांपैकी ६९७ जणांना कोविड होता, आणि एवढे बाधित रुग्ण आत असूनही रुग्णालयातच संसर्ग लागलेले म्हणून दोनच जण निघाले. त्यांपैकी एकाला तो बहुधा रोज भेटायला येणाऱ्या, तोवर लक्षणे नसलेल्या जोडीदाराकडून लागला होता. त्याच रुग्णालयात सप्टेंबर २०२० मध्ये मात्र १४ रुग्ण आणि ३८ कर्मचारी बाधित झाले. या साखळीचा आरंभ ज्या रुग्णापासून झाला असे मानले गेले, त्या रुग्णाला लक्षणे होती; पण दोन चाचण्या निगेटिव्ह आल्यामुळे विलगीकरण थांबवण्यात आले होते. रुग्णालय तेच होते, नियम आणि तज्ज्ञही तेच होते. ज्ञात असलेल्या शेकडो बाधितांकडून जे घडले नाही ते शंका मिटलेल्या एका रुग्णाकडून घडले.

दक्षिण आफ्रिकेतील डर्बनच्या एका रुग्णालयात मार्च २०२० मध्ये असेच झाले. जनुकीय क्रमवारीवरून, म्हणजे वेगवेगळ्या रुग्णांतल्या विषाणूंची जनुकीय रचना जुळवून पाहिल्यावर, दिसले की विषाणू रुग्णालयात बहुधा एकदाच शिरला. त्यातून ३९ रुग्ण आणि ८० कर्मचारी बाधित झाले आणि १५ रुग्ण दगावले. रुग्णांना एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात वारंवार हलवले जाणे हे तिथल्या फैलावाचे एक मोठे कारण होते. आणि यात नवे असे काही नव्हते: २०१५ मध्ये दक्षिण कोरियातील मर्सच्या (करोनाच्याच कुळातला आणखी एक विषाणू) साथीत १८६ जण बाधित झाले, पण बाहेरून आजार घेऊन आलेला प्रवासी एकच होता, उरलेली साखळी जवळजवळ पूर्णपणे रुग्णालयांतूनच वाढली. सगळेच बाधित सारखा फैलाव करत नाहीत हेही ध्यानात घ्या. इंग्लंडमधील वॉर्डांच्या एका अभ्यासात रुग्णांना झालेल्या संसर्गांपैकी ८० टक्के संसर्ग सुमारे २१ टक्के बाधितांकडून झाले होते. असा जास्त फैलाव करणारा कोण असेल हे आधी ओळखता येत नाही, म्हणून कमी शंका असलेल्या रुग्णाकडेही तेवढ्याच गांभीर्याने पाहावे लागते.

प्रौढ रुग्णांच्या वॉर्डात ही शंका घ्यायची कशी, हा खरा वैद्यकीय प्रश्न आहे. ज्येष्ठ रुग्णाला पुष्कळदा ताप येतच नाही. तो गोंधळल्यासारखा बोलू लागतो, जेवण सोडतो, रात्री खाटेवरून उतरताना पडतो. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला धाप लागली की आपण लघवीची औषधे वाढवतो, जुन्या दमेकऱ्याला खोकला आला की नेब्युलायझर लावतो, शस्त्रक्रियेनंतर ताप आला की जखम पाहतो. यातले प्रत्येक पाऊल बरोबरच असते. फक्त त्याच्या जोडीला स्वाब घ्यायचा राहून जातो. एका वॉर्डात एका वृद्ध बाईंच्या वागण्यातला बदल सलग तीन दिवस ‘वयामुळे’ म्हणून नोंदला गेला होता, आणि तो कागद पुढे वाचताना मला जे वाटले ते मी विसरलेलो नाही, कारण त्या तीन दिवसांत त्यांच्या कक्षातील इतर सर्व रुग्ण त्यांच्याबरोबर तीच हवा घेत होते. अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या पाहणीत, नंतर बाधित निघालेल्या रुग्णांच्या खोलीत राहिलेल्या ३१ जणांपैकी १२ जणांना संसर्ग झाला होता.

हवेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सुरुवातीच्या वर्षात आपण सर्वांनी, मीही, पृष्ठभाग पुसण्यावर जेवढी शक्ती खर्च केली तिचा मोठा भाग खिडक्यांवर आणि पंख्यांवर खर्च व्हायला हवा होता. श्वासातून, बोलण्यातून आणि खोकल्यातून निघणारे सूक्ष्म तुषार बंद खोलीत तासन्‌तास तरंगू शकतात; दोन खाटांमधला पडदा त्यांना अडवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२४ मध्ये आपली परिभाषा बदलून मोठे थेंब आणि सूक्ष्म कण यांच्यातली जुनी ठाम सीमारेषा काढून टाकली, ती याच कारणाने. खोलीतली हवा तासाला बारा वेळा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण निघून जायला सुमारे २३ मिनिटे लागतात. सहा वेळा बदलत असेल तर ४६ मिनिटे. आणि दोनच वेळा बदलत असेल तर १३८ मिनिटे. खिडक्या बंद असलेले जुने सामान्य वॉर्ड बहुधा या शेवटच्या गटात असतात, आणि १३८ मिनिटांत नव्या कणांची भर पडतच असते, म्हणजे ती हवा प्रत्यक्षात कधीच स्वच्छ होत नाही. याच कारणाने संघटनेने नैसर्गिक वायुवीजनाच्या वॉर्डांसाठी दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा हे प्रमाण सुचवले. हे मोजायला यंत्रणा लागते, पण कार्बन डायऑक्साइड मोजणारे एक छोटे उपकरण कक्षात दिवसभर ठेवले तरी हवा कुठल्या वेळी कोंडते याचा चांगला अंदाज येतो. मी पाहिले आहे की ती सर्वांत जास्त कोंडते रात्री, थंडीसाठी खिडक्या लावल्यावर.

जिथे खिडकी उघडता येत नाही तिथे हेपा फिल्टर (हवेतले सूक्ष्म कण गाळणारी जाळी) बसवलेली फिरती यंत्रे उपयोगी पडतात. केंब्रिजमधील एका रुग्णालयात, साध्या वॉर्डाचेच कोविड वॉर्डात रूपांतर केले असताना, यंत्र बंद असताना हवेच्या नमुन्यांत करोना विषाणू सापडत होता, यंत्र चालू असलेल्या आठवड्यात सापडला नाही, आणि पुन्हा बंद केल्यावर पुन्हा सापडू लागला. यंत्राचा आवाज रुग्णांना त्रासदायक होतो आणि रात्री ते कुणीतरी बंद करते, म्हणून ते लावताना परिचारिकांशी बोलूनच जागा आणि वेग ठरवा. कोणत्या प्रक्रियांमुळे सूक्ष्म तुषार निघतात याच्या याद्यांवर विसंबून साध्या खोकणाऱ्या रुग्णापाशी बेफिकीर राहू नका: प्रत्यक्ष मोजमापांत श्वासनलिकेत नळी घालताना निघालेले तुषार साध्या खोकल्यापेक्षा कमी भरले होते.

तुमच्या कक्षात आज काय करायचे ते आता सांगतो. बाधित रुग्णाला स्वतंत्र खोलीत हलवा. उरलेल्या पाच जणांना मात्र हलवू नका. नेमकी इथेच सर्वांत मोठी चूक होते, कारण खाटांची टंचाई असते, त्या पाचांपैकी दोघांना दुसऱ्या वॉर्डात जागा मिळते, आणि तीन दिवसांनी एकाचे तीन कक्ष होतात. ते पाच एकत्रच राहोत, त्या कक्षात नवा रुग्ण घेऊ नका, आणि त्यांची चाचणी संपर्कानंतर चोवीस तासांनी, मग दर अठ्ठेचाळीस तासांनी आणखी दोनदा करा. बाधित रुग्णाला लक्षणे येण्याआधीच्या दोन दिवसांत, आणि शक्य असेल तर त्याही आधी, त्या कक्षातून घरी गेलेल्या प्रत्येकाला फोन करा. हे काम कंटाळवाणे असल्याने टाळले जाते आणि साथ वॉर्डाबाहेर जाते ती इथूनच. कक्षात शिरणाऱ्या प्रत्येकाने एन-९५ मास्क घालावा, चेहऱ्यावर नीट बसणारा. ज्या रुग्णांना सोसेल त्यांनी, निदान डॉक्टर किंवा नर्स जवळ असताना, साधा मास्क लावावा. एवढे करताना खाटा अडतील आणि प्रशासन नाराज होईल. तरीही चार दिवस अडलेला एक कक्ष हा तीन आठवडे बंद पडलेल्या वॉर्डापेक्षा स्वस्त असतो, हे त्यांना आकड्यांत मांडून दाखवता येते.

कर्मचाऱ्यांची चाचणीही त्याच दिवशी सुरू करा, पण ती कुणाला दोषी ठरवण्यासाठी आहे असे वाटू देऊ नका. परिचारिका आणि वॉर्डबॉय रुग्णाजवळ मास्क लावतात आणि चहाच्या छोट्या खोलीत, जिथे खिडकी नसते, तो काढून एकत्र बसतात. हे स्वाभाविक आहे आणि त्याला उत्तर शिस्तीची नोटीस हे नव्हे. मोठी, हवेशीर जागा आणि ठरवून दिलेल्या वेगवेगळ्या वेळा हे आहे. आजारी असताना रजा घेतली तर पगार कापला जाणार असेल तर माणूस घसा खवखवत असतानाही कामावर येईल, आणि त्यासाठी त्याला बोल लावणे मला अन्यायाचे वाटते.

रुग्णावरच्या उपचारात दोन जागी सावध राहा. रुग्णालयात संसर्ग लागलेले लोक आधीच आजारी असतात, त्यामुळे धोका अधिक असतो. अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात त्यांचे मृत्यूचे प्रमाण बाहेर संसर्ग झालेल्यांच्या सुमारे १.३ पट निघाले. दुसरीकडे, ते आपल्या नजरेसमोर पहिल्याच दिवशी सापडतात, आणि विषाणूरोधक औषधाचा उपयोग याच काळात सर्वाधिक होतो. निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर या विषाणूरोधक गोळ्या द्यायच्या असतील तर हृदयरुग्णाच्या औषधांची यादी आधी तपासा: हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडारोन चालू असेल तर त्या देता येत नाहीत, कोलेस्टेरॉलसाठीचे सिम्व्हास्टॅटिन थांबवावे लागते, आणि रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांची रक्तातील पातळी बदलते. अशा वेळी रेमडेसिव्हिर हे दुसरे विषाणूरोधक औषध तीन दिवस शिरेतून देणे हा बरा पर्याय ठरतो. आणि ऑक्सिजनची गरज नसताना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू करू नका. त्या टप्प्यावर त्याचा फायदा दिसलेला नाही.

साथीत करोनावरच सगळे लक्ष असताना बाकीचे विषाणू विसरले जातात. इन्फ्लुएन्झाचा अधिशयन काळ एक ते चार दिवसांचा, त्यामुळे तिथे तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा तापही रुग्णालयातला असू शकतो. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसचा काळ तर बारा ते अठ्ठेचाळीस तासांचाच असतो आणि तिथे अल्कोहोलचा हँडरब पुरेसा पडत नाही, साबण-पाणीच लागते. अतिदक्षता विभागात दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाच्या घशात हर्पिस सापडला तर तो बहुधा त्याच्याच शरीरात दडलेला विषाणू जागा झालेला असतो, दुसऱ्याकडून आलेला नसतो.

तुमच्या कक्षातील पाचांपैकी आणखी कुणी पॉझिटिव्ह निघाले तर नमुने जनुकीय क्रमनिर्धारणासाठी पाठवा. एकाच वॉर्डातले पाच रुग्ण म्हणजे एकच साखळी असे आपण धरून चालतो; पण पुष्कळदा क्रमवारीतून दोन किंवा तीन स्वतंत्र प्रवेश दिसतात. फरक महत्त्वाचा आहे: एक साखळी असेल तर दोष कक्षातल्या हवेत आणि संपर्कात आहे, वेगवेगळे प्रवेश असतील तर दाखल करण्याच्या पद्धतीत आणि भेटीच्या नियमांत. भेटींवर सरसकट बंदी घालण्याच्या मी विरोधात आहे. ज्येष्ठ रुग्ण एकटा पडला की डिलिरियम, म्हणजे अचानक येणारा मानसिक गोंधळ, वाढतो, खाणे कमी होते, आणि त्याला भरवणारा, ओळखीचा आवाज ऐकवणारा माणूस हा त्याच्या उपचाराचा भाग असतो. मास्क लावलेला, लक्षणे नसलेला, ठरलेला एकच नातेवाईक येऊ द्यावा, एवढी सवलत मी लाटेच्या ऐन भरातही दिली आहे.

आणि रुग्णाला व त्यांच्या घरच्यांना आजच सांगा, तेही समोर बसून. संसर्ग बहुधा इथेच लागला आहे, चाचणी निगेटिव्ह असतानाही तो कसा येऊ शकतो, शेजारच्या पाच जणांसाठी काय केले जात आहे आणि पुढचे दहा दिवस कशावर लक्ष ठेवले जाईल, हे त्यांना साध्या शब्दांत कळले पाहिजे. ‘बाहेरूनच आणला असेल’ हे वाक्य तुमच्या वॉर्डात कुणी उच्चारू नये. ते सांगून झाल्यावर, खोलीतून बाहेर पडण्याआधी, त्यांना एक विचारा: गेल्या पाच दिवसांत शेजारी कोण खोकत होते, कोण गोंधळल्यासारखे वागत होते. आपल्या कोणत्याही नोंदीपेक्षा हे त्या कक्षातल्या रुग्णाला अधिक अचूक आठवते.